घरोट आणि वही

(बहिणाबाई चौधरी यांच्या स्मृतिदिनी सावदा येथे दिलेले व्याख्यान)



आज ३ डिसेंबर. १९५१ साली याच तारखेला जळगावात बहिणाबाई चौधरी गेल्या. त्यांच्या स्मृतीला वाहिलेलं हे व्याख्यान मी द्यावं असं संयोजकांना वाटलं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी प्राध्यापक नाही, समीक्षक नाही. चाळीस वर्षं मी या परिसरातल्या केळीच्या बागांत काट्याजवळ उभा राहून वजनं लिहिली आणि तेवढीच वर्षं कविता लिहिली. दोन्ही कामं याच हाताने केली. म्हणून मी विषय निवडला तो पोटापाण्याचं काम आणि कला यांच्या नात्याचा. माझ्याकडे येणारी तरुण मुलं मला एकच प्रश्न विचारतात. कोणी दुकानात बसतो, कोणी ठिबकचं साहित्य विकतो, कोणी बँकेत आहे. कोणाला चित्रं काढायची असतात, कोणाला गायचं असतं. ती म्हणतात, ‘काका, वेळच मिळत नाही. धंदा सोडावा की हे सोडावं?’

या प्रश्नाचं उत्तर मला बहिणाबाईंच्या आयुष्यात सापडलं, म्हणून ते आयुष्य आधी थोडक्यात सांगतो. तुम्हाला ते माहीत आहे, तरी आज या प्रश्नासाठी ते पुन्हा ऐका.

जळगावजवळच्या आसोद्याला १८८० साली उखाजी महाजनांच्या घरी त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींशी लग्न झालं. तिसाव्या वर्षी वैधव्य आलं. पदरात तीन मुलं आणि मागे शेतीचा रगाडा. त्यांना अक्षरओळख नव्हती. पेरणी, निंदणी, कापणी, रगडणी, उपणणी, सण, सुतक, लग्नकार्य, पाहुणे, हे सगळं त्यांच्या दिवसात होतं. कवितेसाठी राखून ठेवलेला एकही तास त्या दिवसात नव्हता.

आता त्यांच्या कवितांची नावं आठवा. घरोट, मोट, पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी. ही शेतकऱ्याच्या वर्षाची कामं आहेत, आणि त्यांच्या कवितांची अनुक्रमणिकाही हीच आहे. ज्या कामामुळे त्यांना वेळ मिळत नव्हता, तेच काम त्यांच्या कवितेत विषय होऊन आलं.

घरोटाकडे, म्हणजे जात्याकडे, जरा जवळून पाहू. इथल्या पन्नाशीपुढच्या बायकांनी घरोट ओढलेलं आहे, लहान मुलांनी ते फक्त अंगणात पालथं पडलेलं पाहिलं असेल. पहाटे अंधारात बाई घरोटाशी बसते. एक पाय दुमडलेला, एक लांब केलेला. उजव्या हाताने खुंटा धरून वरची तळी फिरवायची आणि डाव्या हाताने घरोटाच्या तोंडात मुठीमुठीने घास टाकायचा. घास जास्त पडला तर पीठ जाडं येतं, कमी पडला तर दगडावर दगड घासतो आणि पिठात कच उतरते. म्हणजे डाव्या हाताला अंदाज हवा आणि उजव्या हाताला लय हवी. कळण्याची ज्वारी-उडीद दळताना आवाज वेगळा, गहू दळताना वेगळा. बाई डोळे मिटूनही सांगते की घास संपत आला. या सगळ्यात तोंड आणि मन मात्र मोकळं असतं. ओवी तिथे येते.

बहिणाबाईंच्या बहुतेक कविता आठ अक्षरांच्या चरणाच्या आहेत. आठ अक्षरं म्हणजे दमछाक न होता एका श्वासात म्हणता येणारा तुकडा. तळीचा फेरा पुरा होतो, चरण पुरा होतो, घास पडतो, पुढचा चरण सुरू होतो. हा छंद त्यांना कोणी शिकवला नाही. तो त्यांच्या खांद्यातून आणि मनगटातून आला. दळणाने त्यांचा वेळ घेतला आणि त्यांना वृत्त दिलं.

उपणणीचंही तसंच आहे. खळ्यावर मळणी झाली की भूस आणि दाणे वेगळे करायला वारा लागतो. वारा पडला की हातातली पाटी हातातच राहते. तेव्हा चिडून उपयोग नसतो, दिशा बघत थांबावं लागतं, आणि झुळूक आली की एक क्षणही दवडायचा नाही. कविता लिहिणाऱ्याला हे थांबणं आणि हे झेपावणं दोन्ही शिकावं लागतं. ते बहिणाबाई खळ्यावर शिकल्या.

सुगरणीच्या खोप्यावरची त्यांची कविता महाराष्ट्राच्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या पाठ झाली आहे. मला ती वाचताना नेहमी वाटतं की एका कारागिराने दुसऱ्या कारागिराचं काम पारखलंय. ज्या बाईने स्वतः विणलं, शिवलं, सारवलं, लिंपलं, तिलाच त्या खोप्यातली मेहनत दिसते. रस्त्याने जाणाऱ्याला झाडाला लोंबणारं गवत दिसतं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी सांगतो की तुमच्या कामाकडे आधी नीट पाहा. वेळेची तक्रार खरी आहे, पण वेळ हा पुढचा प्रश्न. आपण जे काम दिवसातले दहा तास करतो, त्यात आपलं लक्ष आहे की नाही, हा पहिला प्रश्न. ज्याचं लक्ष दहा तास झोपलेलं असतं, त्याचं ते रात्री अकराव्या तासाला कवितेसाठी जागं होत नाही.

आपल्या मातीला हे नवं नाही. सावता माळी मळ्यात होते, गोरोबा मडकी घडवत होते, नरहरी सोनार दागिने, नामदेव शिंप्याच्या घरचे, सेना न्हावी. तुकोबा देहूचे वाणी, दुकान चालवणारे, दुष्काळात पोळलेले. त्यांच्या अभंगांत बाजार, माप, खरं-खोटं नाणं, उधारी, भांडवल हे शब्द येतात ते दुकानातून. काशीला कबीर मागावर बसत. यातल्या कोणीही धंद्याला कलेचा शत्रू मानलं नाही. धंद्याने त्यांना भाषा पुरवली.

आपल्या गावापासून काही मैलांवर फैजपूरला १९३६च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते. मंडपाच्या आणि नगराच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना बोलावलं. अट अशी होती की साहित्य इथलं हवं आणि हातही इथले हवेत. बांबू, गवत, माती आणि खेड्यातले कारागीर यांच्यावर ते टिळकनगर उभं राहिलं. देशातला एवढा मोठा चित्रकार आणि रोज टोपल्या विणणारा माणूस एकाच बांबूला हात लावत होते. कलावंत कोण आणि कारागीर कोण, ही रेघ त्या दिवसांत फैजपुरात पुसली गेली होती. ती आपण पुन्हा का ओढतो, याचा विचार करायला हवा.

आपल्या शेजारच्या ना. धों. महानोरांचं उदाहरण तुमच्यातल्या अनेकांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. अजिंठ्याच्या डोंगराखालचं पळसखेडे हे त्यांचं गाव. जळगावला कॉलेजात आले आणि परत शेतावर गेले. १९६७ साली ‘रानातल्या कविता’ आल्या आणि मराठी कवितेत पाऊस, ज्वारी, रान यांचा ओला वास आला. चित्रपटांची गाणी लिहिली, विधान परिषदेत गेले, ‘पानझड’ला २०००चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तरी पळसखेडे सुटलं नाही. पाणी अडवणं, फळबाग लावणं, कोरडवाहू शेतकऱ्याचे प्रश्न सभागृहात मांडणं, हे ते कवितेइतक्याच तळमळीने करत राहिले. बहिणाबाईंना शेती सोडण्याची मुभाच नव्हती. महानोरांना होती, आणि त्यांनी शेती निवडली. २०२३ साली ते गेले तेव्हा शेतकरी आणि कवी दोघेही हळहळले.

मात्र मी तुम्हाला अर्धं चित्र दाखवणार नाही. काम कलेला नेहमीच पोसतं असं नाही. प्राग शहरात फ्रान्झ काफ्का नावाचा लेखक कामगारांच्या अपघात विम्याच्या कचेरीत १९०८ पासून नोकरीला होता. दिवसा यंत्रात बोटं गमावलेल्या कामगारांची प्रकरणं, रात्री लेखन. नोकरी त्याला कुरतडत होती, तसं त्याने पुन्हा पुन्हा लिहून ठेवलं आहे. झोप मोडली, प्रकृती ढासळली. तरी त्याच्या कथांमध्ये कचेरीच्या दारात ताटकळणारा जो असहाय माणूस आहे, तो त्या नोकरीतूनच आला असं मला वाटतं. अमेरिकेत त्याच्याच पिढीचे विल्यम कार्लोस विल्यम्स हे डॉक्टर होते. न्यू जर्सीतल्या लहानशा गावात त्यांनी आयुष्यभर रुग्ण तपासले, बाळंतपणं केली आणि औषधाच्या चिठ्ठ्यांच्या कागदांवर कविता टिपल्या. त्यांना रुग्णांच्या बोलण्यातून कवितेची भाषा मिळाली. एकच वाट एकाला दमवते आणि दुसऱ्याला चालवते. आपल्याकडे नारायण सुर्व्यांनी गिरणीत काम केलं, ते शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक झाले. त्यांची कविता कामगाराच्या जगण्यातून उभी राहिली, पण त्या जगण्यातली उपासमार चांगली होती असं कोणी म्हणू नये.

बहिणाबाईंच्या बाबतीतही हे लक्षात ठेवू या. वैधव्य, कष्ट, निरक्षरता यांनी त्यांची कविता घडवली असं म्हणून आपण त्या कष्टांची पूजा करू लागलो, तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांना शाळा मिळाली असती तर त्यांनी आणखी काय केलं असतं, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

इथे एक साल सांगतो, १९०७. त्या वर्षी जळगावात महाराष्ट्रातल्या कवींचं संमेलन भरलं. आपल्या धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे हा सतरा वर्षांचा मुलगा तिथे कविता म्हणून गेला आणि तिथूनच ‘बालकवी’ झाला. खानदेशाला या घटनेचा अभिमान आहे आणि असायलाच हवा. त्याच वर्षी, त्याच जळगावात, सत्तावीस वर्षांच्या बहिणाबाई संसार आणि शेती ओढत होत्या. त्याच वर्षी त्यांच्या पोटी सोपानदेवांचा जन्म झाला. महाराष्ट्रभरचे कवी गावात उतरले होते आणि त्याच गावातल्या एका घरात मराठीतली एक मोठी कवयित्री दळत होती. तिला बोलावणं कोण देणार? तिची कविता कागदावरच नव्हती.

ती कागदावर आली ती सोपानदेवांमुळे आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांच्यामुळे. आई काम करता करता म्हणायची, ते या दोघांनी जमेल तसं वहीत उतरवून ठेवलं. सोपानदेव स्वतः कवी. आईच्या गाण्यांचं मोल त्यांना कळत होतं. पुढे ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली, अत्रे हरखून गेले, त्यांनी प्रस्तावना लिहिली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं. पहिल्या आवृत्तीत जेमतेम ३५ कविता. बहिणाबाईंना जाऊन तेव्हा वर्ष उलटत आलं होतं. छापलेलं पुस्तक त्यांनी पाहिलं नाही. आज त्यांच्या नावाने जळगावला विद्यापीठ उभं आहे.

सत्तर वर्षांचं आयुष्य, अगणित पहाटा, आणि कागदावर उरलं ते एवढंसं पुस्तक. बाकीचं पिठाबरोबर गेलं. जे उरलं ते घरात एक वही होती म्हणून उरलं. त्यामुळे काम आणि कला यांचा मेळ कसा घालायचा या प्रश्नाला दोन भाग आहेत. एक भाग काम करणाऱ्याने सोडवायचा, लक्ष जागं ठेवून. दुसरा भाग त्याच्या भोवतालच्या माणसांनी सोडवायचा, जे निघालं ते सांभाळून.

पहिल्या भागाबद्दल माझ्या आयुष्यातली एक गोष्ट सांगतो.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. थंडीचे दिवस, पहाटेची कापणी. टोळी बागेतून डोक्यावर चुंबळ ठेवून घड आणत होती, चार-चार घड काट्यावर ठेवत होती, मी वजन वाचून वहीत मांडत होतो. पलीकडे ट्रकमध्ये केळीचा पाला अंथरून गाडी भरणं चाललं होतं. उन्हाची पहिली तिरीप बागेत शिरली आणि मला एक ओळ सुचली. ती विसरू नये म्हणून मी मनात घोळवत राहिलो आणि त्या भरात ८३ किलोच्या जागी ३८ मांडले. रात्री बेरीज करताना घडांची संख्या आणि वजन जुळेना. पान पान तपासलं तेव्हा चूक सापडली. एका शेतकऱ्याचे ४५ किलो माझ्या ओळीने खाल्ले होते.

रात्री दहाला मी त्यांच्या घरी गेलो. चूक सांगितली. मला इतकी लाज वाटत होती की मी म्हणालो, ‘पंचेचाळीस नाही, सरळ पन्नास धरतो, वरचे माझ्याकडून.’ म्हातारबुवा खाटेवर बसले होते. शांतपणे म्हणाले, ‘मले आकडा मोठा नको भाऊ. खरा पाहिजे.’

घरी येऊन मी ती ओळ वाचली. तिच्यात मी केळीच्या बागेला हिरवा स्वर्ग म्हटलं होतं. ज्या माणसांनी त्या पहाटे ते घड वाहिले, त्यांच्या सदऱ्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग पडले होते. ते डाग कितीही धुतले तरी जात नाहीत. कापणीवाल्याची बायको तो सदरा वेगळा ठेवते. माझ्या डोळ्यांसमोर ते डाग होते आणि ओळीत स्वर्ग होता. वहीतला आकडा खोटा होता आणि कवितेतली ओळही खोटी होती. दोन्हीचं कारण एक. मी समोर पाहत नव्हतो.

त्या रात्रीपासून मी दोन गोष्टी पाळल्या. काट्याजवळ असताना फक्त काटा. ओळ आलीच तर वजनाच्या चिठ्ठीच्या मागे दोन शब्द टिपायचे आणि पुढचा भार वाचायचा. ओळ खरी असेल तर संध्याकाळपर्यंत थांबते, थांबली नाही तर ती जाण्याच्याच लायकीची होती. आणि दुसरी गोष्ट, कवितेत जो शब्द घालायचा तो काट्यावर ठेवून पाहायचा. त्याचं वजन खरं भरतं का? माझ्या धंद्याने मला ही सवय लावली. ती मला कोणत्याही पुस्तकातून लागली नसती.

धंद्याने मला आणखी एक दिलं. ज्याच्या चुलीची सोय त्याच्या कामातून होते, त्याला कविता विकावी लागत नाही. कोणाच्या वाढदिवसाला ओळी पाडाव्या लागत नाहीत, निवडणुकीत कोणाची भाटगिरी करावी लागत नाही. कवितेने पोट भरावं हा भार मी तिच्यावर टाकला नाही, म्हणून ती माझ्याशी खरं बोलू शकली. ज्यांना कलेवरच जगता येतं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ज्यांना तसं जगता येत नाही त्यांनी स्वतःला अर्धवट कलावंत समजू नये. दुकानाच्या गल्ल्यावर, बागेत, बस चालवताना, दवाखान्यात रात्रपाळी करताना जो माणूस समोरचं नीट पाहतो, तो कलावंत म्हणून पुरा आहे.

आता दुसरा भाग. हे सांगताना मला जड जातं.

माझी आई पहाटे घरोटावर गायची. आमच्या गल्लीतल्या सगळ्याच बायका गायच्या. कोणी माहेर गायचं, कोणी विठ्ठल, कोणी नवऱ्याचं गाऱ्हाणं, कोणी नुकतंच गेलेलं मूल. आईच्या ओव्यांत आमच्या विहिरीचं, आमच्या बैलांचं, माझ्या जन्माच्या वर्षीच्या पावसाचं नाव होतं. त्या ओव्या दुसऱ्या कोणाच्या नव्हत्या, तिनेच केल्या होत्या. मी शेजारच्या खोलीत अर्धवट झोपेत त्या ऐकल्या. पुढे मी मोठा झालो, कामाला लागलो, कविता लिहू लागलो. दिवसभर माझ्या हातात पेन होतं. मी हजारो क्विंटल केळी लिहून ठेवली. आईची एक ओवी लिहिली नाही. मला वाटायचं, त्यात काय लिहायचं, ती तर रोजच म्हणते. मग पिठाची गिरणी आली, घरोट अंगणात गेलं, आणि एके दिवशी आईही गेली. आज मला त्या ओव्यांतले शब्द सुटे सुटे आठवतात. चरण पुरा होत नाही.

सोपानदेव आणि माझ्यात कवी म्हणून अंतर आहेच. पण मुलगा म्हणून जे अंतर आहे ते मला जास्त टोचतं. त्यांनी ऐकलं तेव्हाच लिहिलं.

म्हणून मित्रहो, आज घरी गेल्यावर एक करा. या दिवसांत घराघरांत भरीत होतं, कळण्याची भाकरी होते, शेतावर माणसं जमतात. जेवणं झाल्यावर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा. आजी असेल तर तिला विचारा की ती घरोटावर काय म्हणायची. आजोबांनी मोट हाकली असेल तर ते बैलांना काय म्हणत, ते विचारा. सुतारकाम करणारे काका, लग्नात गाणारी आत्या, शिवणयंत्रावर बसणारी आई, कोणाहीजवळ काही असेल. मोबाइलमध्ये आवाज भरून घ्या, आणि वहीतही लिहा. त्यांच्या बोलीत लिहा. ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणाले तर ‘डोया’च लिहा, पुस्तकी करू नका. दोन ओळी मिळाल्या तर दोनच लिहा, पदरच्या चार घालून गाणं पुरं करू नका. वर तारीख टाका आणि म्हणणाऱ्याचं नाव लिहा.

त्या रात्री खाटेवर बसलेल्या शेतकऱ्याने मला जे सांगितलं, ते हिशोबालाही लागू आहे, कवितेलाही आणि या वहीलाही. आकडा मोठा नको. खरा पाहिजे.